पारोळ्याचं तिकीट

माझी बायको भागाबाई गेली हे ज्या दिवशी मला कळलं, त्या दिवशी ती गेली असं मला कुणीच म्हटलं नाही. मी दालमिलमध्ये चाळणीवर उभा होतो. धुळ्याहून तिच्या धाकट्या भावाचा, रुपचंदचा, ऑफिसात फोन आला होता. मुनीम रतिलालभाऊ स्वतः चाळणीपर्यंत चालत आले. ते कधी तिकडे येत नाहीत, तुरीच्या भुशाने त्यांना खोकला येतो. त्यांनी धोतराचा सोगा नाकाला लावला होता. मोटार चालू असल्यामुळे मला ऐकू येईना, तेव्हा त्यांनी हात लांब करून बटण बंद केलं. धुळ्याचा फोन होता, अक्काला जास्त आहे म्हणतात, निघा, एवढंच ते बोलले. मी घरी जाऊन कपडे बदलून येतो म्हणालो, तर म्हणाले, घरी जाऊ नका, इथूनच स्टँडवर जा. आमच्याकडे फोनवर माणूस गेलं असं सांगत नाहीत. जास्त आहे म्हणतात. सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्याला कळतं, आणि तरी मधे प्रवासापुरती एक जागा मोकळी राहते. मी स्वतः असे फोन केलेले आहेत. त्यामुळे मला कळलं. पण कळलं असं मी स्वतःला म्हणालो नाही. हातपाय धुतले, पिशवी घेतली आणि निघालो.

स्टँडपर्यंत चालताना मी काय विचार करत होतो ते मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. तिचा विचार करत होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. मी गाडीचा विचार करत होतो. लग्नसराईचे दिवस, मे महिना, धुळ्याच्या गाडीला तोबा गर्दी असणार आणि उभ्याने जावं लागणार, हे माझ्या डोक्यात होतं. सावलीची बाजू कोणती येईल याचाही मी हिशेब केला. गाडी फलाटाला लागायच्या आतच लोक तिच्याबरोबर पळायला लागले. मीही पळालो. मी उंच आहे. चालत्या गाडीच्या खिडकीतून रुमाल नेमका बाकावर टाकायचा, हे मला चांगलं जमतं. त्या दिवशीही जमलं. डाव्या बाजूचं दोघांचं बाक, खिडकीची जागा. रुमाल पडलेला पाहून मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं, छातीत, डाव्या बाजूला.

तिला हे आवडायचं नाही. मी पळायचो तेव्हा ती खांबापाशी गाठोडं धरून उभी राहायची आणि मी वर चढून खिडकीतून हात केला की सावकाश यायची. पोरासारखं करता, म्हणायची. एवढं बोलून पुन्हा मी धरलेल्या जागेवर बसायची, पण खिडकी मला द्यायची आणि आपण कडेला, बाकाच्या अगदी काठावर. आमच्या दोघांच्या मधे पिशवी. पिशवी मांडीवर घे किंवा खाली ठेव असं मी तिला कधी म्हटलं नाही. माझे आईवडील बरोबर असायचे तेव्हा तर ती पुढे बायकांत बसायची आणि मी मागे. आईवडील गेल्यावर पिशवी त्यांच्या जागी आली. इतकी वर्षं जळगाव-धुळे केलं, तिच्या माहेरी, लग्नांना, बाळंतपणाला, पण गाडीत तिचं अंग माझ्या अंगाला लागलं असेल ते गाडीने गचका खाल्ला तेवढ्यापुरतं. मग लगेच ती सावरून बसायची, आणि मीही. यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही. आम्हालाही वाटायचं नाही.

मी दारातल्या गर्दीतून आत शिरलो तेव्हा माझ्या जागेवर एक म्हातारा बसला होता. पांढरी गोल टोपी, दाढी, अंगावर सदरा आणि त्या सदऱ्यावर, टोपीवर, भुवयांवरसुद्धा कापसाचे बारीक तंतू. पिंजारी होता. त्याचं ते पिंजण, धनुष्यासारखं लांब लाकूड आणि त्याला ताणलेली तात, त्याने गुडघ्यांच्या मधे उभं धरलं होतं आणि त्याचं टोक वरच्या फळीला टेकलं होतं. माझ्या रुमालाची घडी करून त्याने तो खिडकीच्या गजाला अडकवला होता. मी रुमाल माझा आहे म्हणालो. तो म्हणाला, असेल ना भाऊ, तुमचाच असेल, घ्या. मी म्हणालो, रुमाल दिसला नाही का.

“दिसना ना,” तो म्हणाला, म्हणजे दिसला की. “म्हनीसन तर घडी करीसन ठेवेल शे.”

मागे कुणीतरी हसलं. माझ्या तोंडावर गरम वारं आल्यासारखं झालं. मी त्याला म्हणालो, जागा माझी आहे, रुमाल पडला म्हणजे जागा धरली, हे सगळ्या खानदेशाला माहीत आहे. तो म्हणाला, मी दारातून आलो, पायांनी आलो. मी म्हणालो, हे लाकूड आधी छतावर टाका, एका माणसाच्या तिकिटात दोन माणसांची जागा खाता. त्याने पिंजण गुडघ्यांत आणखी जवळ ओढलं. मग मागचा तोच माणूस, पांढऱ्या मिशांचा, बोलला.

“रुमालले तिकीट लागत नही भाऊ, माणूसले लागस.”

आता पुष्कळ जण हसले. एक टोपलीवाली बाई म्हणाली, म्हाताऱ्याला कशाला उठवता, बसा ना बाजूला, बाजूची जागा तर रिकामी आहे. खरंच रिकामी होती. म्हातारा खिडकीला होता आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. मला बसायला मिळत होतं. मी तिथं बसायला पाहिजे होतं. पण मला खिडकी पाहिजे होती, आणि लोक हसत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणालो,

“मनी बायको धुळाले दवाखानामा शे. जास्त शे.”

पुढच्या बाकावरच्या लोकांनी माना वळवल्या आणि पुन्हा सरळ केल्या. टोपलीवालीने डोक्यावरचा पदर सारखा केला. जास्त आहे म्हणजे काय, हे त्या गाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मीच ते पहिल्यांदा ऐकत होतो, माझ्या तोंडून. मिलमध्ये मी कुणाशी बोललो नव्हतो. रस्त्यात ओळखीचा पानवाला भेटला, कुठे निघालात म्हणाला, तर मी धुळ्याला एवढंच म्हणालो होतो. माझी बायको गेली हे मी पहिल्यांदा सांगितलं ते बाकावरच्या एका जागेसाठी. म्हातारा उठला. पिंजण आडवं न होऊ देता, कुणाला लागू न देता, तो बाहेर सरकला आणि मला आत वाट करून दिली. “बसा भाऊ,” म्हणाला, “खिडकीले बसा.” आणि मी बसलो. नको, असू द्या, म्हणालो नाही. बसलो, गजाचा रुमाल काढला, त्याने मान पुसली आणि पुन्हा गजाला अडकवला.

मग कंडक्टर आला. त्याने म्हाताऱ्याला ओळखलं. जहांगीरचाचा, या खेपेला जळगाव लुटलं की काय, असं म्हणाला. जहांगीरचाचांनी पारोळ्याचं तिकीट घेतलं. मी धुळ्याचं घेतलं. गाडी निघाली. त्यांनी बाकाच्या अगदी काठावर अंग चोरून घेतलं होतं, एक पाय मधल्या वाटेत. मधे जागा राहिली होती. मी त्या जागेकडे पाहिलं आणि बाहेर पाहायला लागलो. गिरणेच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाली वाळू होती, तिच्यात गाढवं उभी होती आणि खिडकीतून वारा यायला लागला. वारा गरमच होता. तरी घाम वाळला, डोळे मिटायला लागले. आणि डोळे मिटले तेव्हा ती दिसली, पण आजची नाही. मागच्या खेपेची.

मागच्या खेपेला मीच तिला धुळ्याला नेऊन पोचवलं होतं. कावीळ उतरली म्हणता म्हणता पुन्हा चढली होती. माहेरी राहीन, भावाच्या घराजवळ दवाखाना आहे, भिकुबाई बघेल, असं तीच म्हणाली. भिकुबाई म्हणजे रुपचंदची बायको. मी एकटा मिलमध्ये जाऊन तिचं काय करणार होतो, म्हणून मी हो म्हटलं. त्या दिवशी गर्दी नव्हती. मी खिडकी तिला दिली, पहिल्यांदाच. तिने पिशवी मधे ठेवली नाही, पायाशी ठेवली. तेही पहिल्यांदाच. बहुतेक उचलून वर ठेवायची ताकद नव्हती. पाळधी गेल्यावर ती म्हणाली, डोकं टेकू का जरासं. मी काही बोललो नाही, पण सरकलोही नाही, तेव्हा तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्या डोक्याला तेल नव्हतं. औषधाचा वास येत होता. तिचं डोकं हलकं होतं, तेवढं डोकं असतं का माणसाचं असं मला वाटलं. ती बोलत होती, थांबून थांबून. घरातली गादी फार गाठाळ झाली आहे, म्हणत होती, तुमच्या पाठीला लागते, मला माहीत आहे, मी परत आले की दिवाळीच्या आधी पिंजून घेऊ. मी हं म्हणत होतो. तिचा एक हात माझ्या हातावर पडला होता, पिवळा, नखंसुद्धा पिवळी. मला बरं वाटत होतं. हे मी आता लिहितो आहे. तेव्हा बरं वाटतं आहे हे मला कळलं नव्हतं, फक्त एरंडोल लवकर येऊ नये असं वाटत होतं.

एरंडोलला मगनआबा चढले. आमच्या गावचे, आमच्या भावकीतले, वडिलांच्या वयाचे. दारात उभे राहून ते जागा शोधत होते आणि त्यांची नजर आमच्यावर आली. मी खांदा काढून घेतला. मुद्दाम काढला असं म्हणता येणार नाही. आबांना रामराम करायला मी पुढे वाकलो आणि खांदा आपोआप निघाला. तिचं डोकं खाली गेलं, पुढच्या बाकाच्या गजाला कपाळ लागलं. आवाज झाला. तिने डोक्यावर पदर घेतला, कपाळ पदरानेच दाबलं आणि सरळ बसली. आबा पलीकडच्या बाकावर बसले, सूनबाईला बरं नाही का, म्हणाले. मी म्हणालो, थोडी कावीळ आहे. पाऊसपाण्याचं बोलणं निघालं. पारोळ्याला आबा उतरले. मी खांदा पुन्हा तिच्या बाजूला नेला. थोडा वाकूनही बसलो, तिला टेकता यावं म्हणून. तिने डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं होतं. गाडी खडखडत होती आणि गजावर तिचं डोकं सारखं आपटत होतं. मी तिला इकडे टेक म्हणालो नाही. तोंडातून आलंच नाही. नावाने तर मी तिला कधी हाकच मारली नव्हती, आणि अगं म्हणून हाक मारली तरी गाडीत चार लोक ऐकणार. धुळ्यापर्यंत ती तशीच बसली. दवाखान्यात तिला ठेवून मी संध्याकाळच्या गाडीने परत आलो. मी निघताना ती म्हणाली, सांभाळून जा, आणि कपाळावरची तिची ती खूण तेवढी मी पाहिली.

हे सगळं आठवत असताना मी झोपलो. म्हणजे आठवत होतो ते कुठे संपलं आणि झोप कुठे लागली, हे मला सांगता येत नाही. बायको गेली म्हणून निघालेला माणूस झोपतो का. मी झोपलो. गाढ झोपलो, स्वप्न न पडता, गाडी एरंडोलला थांबली, पारोळ्याला थांबली, फागण्याला थांबली, मला काहीच कळलं नाही. तिला धुळ्याला ठेवून आल्यापासून त्या गाठाळ गादीवर मी कधी एवढा झोपलो नव्हतो. जाग आली तेव्हा गाडी धुळ्याच्या स्टँडमध्ये उभी होती, लोक उतरत होते, आणि माझा गाल कशावर तरी होता. तो जहांगीरचाचांचा खांदा होता. ते बाकाच्या काठावर नव्हते. ते आत सरकून बसले होते, माझ्या अंगाला अंग लावून, आणि ज्या हाताने पिंजण धरायचे तो हात न हलवता त्यांनी पिंजण दुसऱ्या हातात धरलं होतं. ते ताठ बसले होते. सदरा माझ्या लाळेने ओला झाला होता.

कंडक्टर पेटी बंद करत होता. “चाचा, तुमचं पारोळं मागेच राहिलं,” तो म्हणाला आणि हसला. मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला. मी सावरून बसलो. चाचांनी खांदा एकदा वर केला, खाली केला आणि दुसऱ्या हाताने चोळला.

“तुमले झोप लागेल व्हती,” ते म्हणाले. “उठाडाले मन नही व्हयनं.”

मी काय बोललो ते मला लिहायला जड जातं. मी म्हणालो, मग उठवायचं ना. रागाने म्हणालो. जशी त्यांचीच चूक झाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना राग आलेला दिसला नाही. जा भाऊ, वाट देखत असतीन, एवढं म्हणाले आणि मला वाट देण्यासाठी पुन्हा उठून पिंजणासकट बाजूला झाले. मी पिशवी घेऊन उतरलो. मागे पाहिलं नाही. रुमाल गजालाच राहिला.

रुपचंदच्या गल्लीत लोक दिसले, पुरुष ओट्यांवर बसलेले. मी आलो तसे उठले. आत तिला जमिनीवर ठेवलं होतं, बायका भोवती होत्या. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. माझे डोळे झोपेने लाल होते आणि गालावर सदऱ्याच्या शिवणीचा वळ उमटला होता. एक म्हातारी म्हणाली, रस्ताभर रडत आला असेल बिचारा, डोळे बघा. कुणीतरी तिला दुजोरा दिला. मी खाली मान घातली. मी रडलो नाही, मी झोपलो होतो, असं कसं सांगणार. मग भिकुबाई उठून माझ्याजवळ आली. तिने माझ्या गालावरून, दाढीच्या खुंटांतून कापसाचे तंतू काढले, एक एक करून, आणि हातात धरून पाहिले. तिथं भागाबाईच्या नाकात कापसाचे बोळे घातलेले होते. भिकुबाईने एकदा तिकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. हा कापूस कुठला, हे तिला कळेना. तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. भागाबाईच्या कपाळावर कुंकू मोठं लावलं होतं, मळवट भरला होता. त्याच्या खाली ती खूण आहे का, मी शोधत होतो. कुंकवात काही दिसत नव्हतं.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसं झालं. मुलगी रावेरहून आली, तेरावं झालं, ती परत गेली. जाताना आईच्या वस्तू तिने आवरल्या. गादी जुनी झाली आहे, बाबा, टाकून द्या, असं म्हणाली. मी हो म्हणालो आणि टाकली नाही. गादीच्या एका बाजूला खड्डा आहे, तिच्या अंगाचा, आणि मधे कापसाचा उंचवटा आहे, गाठीगाठींचा, आमच्या दोघांच्या मधला. गाडीतल्या पिशवीसारखा. रात्री मी माझ्या बाजूला निजतो. हात पसरला तर तो उंचवटा लागतो.

धुळ्याला मला जावं लागतं. तिच्या नावाने महिन्याचा घास काढायचा असतो, रुपचंदकडे काही ना काही असतं. आता मी रुमाल टाकत नाही. सगळे चढले की चढतो आणि जागा मिळाली तर बसतो, नाही तर उभा राहतो. एकदा कुणी तरुण माझ्या शेजारी बसून झोपला आणि त्याचं डोकं माझ्याकडे यायला लागलं. मी वाट पाहत होतो. खांदा सैल सोडला होता. पण तो मधेच दचकून जागा झाला, माफ करा काका म्हणाला आणि पलीकडे सरकून बसला. मी काही नाही, काही नाही म्हणालो. मला त्याला असू दे म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते काही नाही. तो उतरेपर्यंत आमच्या मधे हातभर जागा राहिली.

गाडी पारोळ्याला थांबते. चहा घ्यायला ड्रायव्हर-कंडक्टर उतरतात, लोक उतरतात. स्टँडच्या बाहेर रसाच्या गाड्या असतात, किल्ल्याकडे रस्ता जातो. जहांगीर पिंजारी म्हणून विचारलं तर कुणीही घर दाखवेल, एवढं काही पारोळा मोठं नाही. काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं आहे. तिची गोष्ट काढायची नाही. जागेचंही बोलायचं नाही. जुनी गादी आहे, पिंजून पाहिजे, घरी याल का, एवढंच म्हणायचं. मग ते येतील, अंगणात गादी उसवतील, आणि दोन्ही बाजूंचा कापूस एक होईल. तिथंच माझं पाऊल अडतं. आणि त्यांनी मला ओळखलं तर काय, आणि नाही ओळखलं तर काय, हेही असतं. एकदा मी दारापर्यंत गेलो होतो, खालच्या पायरीवर पाय ठेवला होता. मागून कुणीतरी म्हणालं, उतरायचं असेल तर उतरा, नाहीतर वाट सोडा. मी वाट सोडली आणि परत येऊन बसलो.

पारोळ्याला मी अजून उतरलेलो नाही. गादी पिंजायची राहिली आहे.